कानस कुणाची, चूक कुणाची?

प्रश्न : मी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइन विभागात आहे. नोकरीला तीन वर्षं झाली. गेल्या आठवड्यात दुसऱ्याच कामासाठी असेंब्लीत गेले होते. तिथे एक ज्येष्ठ फिटर माझ्याच ब्रॅकेटची भोकं कानशीने घासताना दिसले. (एम ८ चे, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीचे, चार बोल्ट, भोकं ८.४ मिलिमीटरची, समोर वेल्डिंगची फ्रेम आणि तिच्या मागे वेल्ड केलेले नट.) विचारलं तर म्हणाले, "मॅडम, तुमच्या कागदावर बसतं, इथे बसत नाही." आठ महिने प्रत्येक ब्रॅकेट असाच घासून बसवला जातोय आणि मला कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. बाजूचे दोघं-तिघं हसत होते. रागही आला, लाजही वाटली. हिशेब करून ठरवलेलं भोक कुणी परस्पर मोठं करतं, उद्या काही तुटलं तर सही माझी आहे. साहेबांकडे तक्रार करू, की गुपचूप ड्रॉइंग बदलून मोकळी होऊ? खरं सांगायचं तर मला त्या काकांकडून शिकायचंय, पण ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. आणि शेवटी एक गंमतीचा प्रश्न : मी कानस चालवायला शिकले तर लोक आणखी हसतील का?
— एक डिझाइन इंजिनिअर

उत्तर :

तक्रार करू नका, निदान एवढ्यात तरी नको. आणि गुपचूप ड्रॉइंगही बदलू नका. ते तक्रारीहून वाईट, का ते पुढे सांगतो. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मी 'आठ महिने' या शब्दांवर अडखळलो. आठ महिने एक माणूस रोज तुमचं ड्रॉइंग दुरुस्त करतोय, कानशीने, एकेका नगावर, आणि त्या दुरुस्तीची नोंद कुठल्याही कागदावर नाही. राग यायचाच असेल तर त्याचा यावा.

आधी भोकाचं बघू, माणसांकडे मग येऊ. एम ८ च्या बोल्टला ८.४ म्हणजे बोल्टच्या भोकांच्या मापांच्या तक्त्यातलं सगळ्यात घट्ट भोक. त्याच तक्त्यात मधलं ९ चं आहे आणि मोकळं १० चं. तुम्ही ८.४ का निवडलं असेल ते मला ठाऊक आहे, कारण तुमच्या वयात मीही तेच निवडायचो. घट्ट म्हणजे नेमकं आणि नेमकं म्हणजे चांगलं, असं डोक्यात असतं. पण समोर वेल्डिंगची फ्रेम आहे. वेल्ड गार होताना आकसतो, आणि आकसताना आजूबाजूच्या लोखंडाला आपल्याकडे ओढतो. मोठ्या फ्रेमवर एखादा नट मिलिमीटरभर सरकला तर त्यात वेल्डरचा हलगर्जीपणा असतोच असं नाही, धातूचा स्वभावच तो. तुम्ही बोल्टला सगळीकडून मोकळीक दिलीत दोन दशांश मिलिमीटरची, आणि आगीने मागितला अख्खा मिलिमीटर. संगणकावरची फ्रेम कधी तापतच नाही, म्हणून तिथे सगळं बसतं. तेव्हा काका टोमणा मारत नव्हते. बरं, थोडा मारत असतील. पण बोलले ते शब्दशः खरं.

आता एक करा. त्यांनी घासलेले दहा-बारा ब्रॅकेट, बोल्ट आवळायच्या आधी, दोन-दोन मिनिटं हातात मागून घ्या. कुठलं भोक घासलंय, कुठल्या अंगाला, किती, हे व्हर्निअरने मोजून लिहा. माझा अंदाज आहे की चारही भोकं सारखी घासलेली नसतील. वरची दोन जवळजवळ तशीच आणि खालची दोन बाहेरच्या बाजूला लांबट, असं काहीतरी निघेल. ते निघालं की तुमच्या हातात फ्रेम कुठे आणि किती ओढली जाते याचा नकाशाच आला. हा नकाशा काढायला एरवी तुम्हाला फ्रेमा मोजणीच्या टेबलावर चढवाव्या लागल्या असत्या आणि त्यासाठी तीन जणांच्या सह्या घ्याव्या लागल्या असत्या. इथे तो एका माणसाच्या मनगटात आठ महिने तयार पडलाय. कदाचित त्यांना याहून जास्तही माहीत असेल, म्हणजे वेल्डची सुरुवात कुठल्या कोपऱ्यातून केली तर ओढ जास्त येते वगैरे. तेही विचारा. उत्तर मिळालं तर निम्मा प्रश्न ब्रॅकेटकडे न येता वेल्डिंगच्या क्रमातच सुटेल.

तुमची भीतीही खोटी नाही, आणि ती मी झटकून टाकणार नाही. भोक मोठं झालं म्हणून ब्रॅकेट लगेच पडत नाही, कारण बोल्टचा जोड मुळात भोकाच्या कडेवर टेकून उभा नसतो. ८.८ प्रतीचा एम ८ चा बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटरला आवळला की दोन पत्र्यांना दीड टनाहून जास्त जोराने एकमेकांवर दाबतो, आणि त्या दाबाच्या घर्षणावर भार पेलला जातो. पण हा दाब कधी सैल पडला तर? भार खाली ओढणारा असेल आणि भोक आडवं लांबवलेलं असेल, तर ब्रॅकेट बोल्टवर टेकून राहील. तेच भोक उभं लांबवलेलं असेल तर ब्रॅकेट तेवढा खाली घसरेल. शिवाय भोक लांबट झालं की बोल्टच्या डोक्याखाली टेकायला जागा कमी उरते, तिथे जाड आणि रुंद वॉशर हवा. म्हणजे घासणं धोक्याचं आहे की नाही हे कुठल्या दिशेला घासलं यावर ठरतं. आणि दिशेचं हे गणित काकांना आजवर कुणी सांगितलेलं नाही. तुमच्या ड्रॉइंगवर भोकाचं माप आहे, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आहे, पण भार कुठून येतो याचा एक बाणही नाही. बरोबर ना? माझ्याही ड्रॉइंगवर कधी नसायचा.

एका बाजूचं ज्ञान दुसरीकडे न पोचल्याने काय होतं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात भयंकर उदाहरण यंत्राचं नाही, इमारतीचं आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमधल्या एका हॉटेलच्या उंच लॉबीत छताला पूल टांगलेले होते. एक चौथ्या मजल्याच्या पातळीवर, आणि बरोबर त्याच्या खाली दुसऱ्या मजल्याचा. मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून खालपर्यंत अखंड रॉड होते आणि दोन्ही पूल त्यांच्यावर आपापल्या नटवर टेकलेले. आता हे बनवणाऱ्याच्या नजरेने बघा. वरच्या पुलाचा नट रॉडच्या मधोमध चढवायचा, तर खालच्या टोकापासून तिथपर्यंत दोन मजल्यांच्या लांबीला आटे पाडायला हवेत, आणि उभारणीच्या धबडग्यात ते शाबूत राहायला हवेत. कोण करणार? बनवणाऱ्यांनी सोपी वाट काढली आणि रॉडचे दोन तुकडे केले. एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. दिसायला काहीच फरक नाही. पण दोन माणसं एकाच दोराला वेगवेगळी धरून लोंबकळतायत, आणि खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले, तर वरच्याच्या मुठींचं काय होईल? वरच्या तुळईखालच्या नटवर एका पुलाऐवजी दोन पुलांचा भार आला. बदललेल्या ड्रॉइंगवर इंजिनिअरांचा शिक्काही होता. जोडाचा हिशेब मात्र पुन्हा कुणी मांडला नव्हता. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी दोन्ही पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. चौकशीत असंही निघालं की मूळची रचनासुद्धा तिथल्या नियमांना पुरी पडत नव्हती.

या गोष्टीचा दोष लोक सहसा एकाच बाजूला टाकतात. इंजिनिअर सांगतो तेव्हा 'शॉपवाल्यांनी बदल केला' असं सांगतो, आणि शॉपवाला सांगतो तेव्हा 'मुळात बनवताच येत नव्हतं' असं. दोन्ही खरं आहे, आणि तुमच्या ब्रॅकेटमध्येही, सुदैवाने फार छोट्या प्रमाणात, दोन्ही खरं आहे. म्हणून म्हटलं की गुपचूप ड्रॉइंग बदलू नका. तुम्ही भोक १० चं केलंत आणि कुणाला बोलला नाहीत, तर उद्यापासून कानस थांबेल, पण काकांना दिशेचं कळलेलं नसेल आणि तुम्हाला वेल्डच्या ओढीचं. पुढच्या यंत्रावर दोघंही पुन्हा तिथेच.

आता ते बोलले का नाहीत? तुम्हाला ते आडमुठे वाटतात. मला शंका आहे की ते पूर्वी बोलले असतील, तुमच्या आधीच्या कुणाकडे तरी. माझा एक प्रसंग सांगतो. नव्याने डिझाइनला लागलो तेव्हा मी एका गिअरबॉक्सचं झाकण काढलं होतं, सहा बोल्टांचं. पहिला नग जोडताना तिथल्या काकांनी मला बोलावून घेतलं, एक शब्द न बोलता पान्हा माझ्या हातात दिला आणि कोपऱ्यातल्या बोल्टकडे बोट दाखवलं. मी पान्हा लावला. तो एका बाजूला भिंतीला लागला, दुसऱ्या बाजूला पाइपला. मधे जेमतेम घड्याळाच्या पाच-सात मिनिटांच्या काट्याएवढी जागा. नट षट्कोनी, म्हणजे पान्ह्याला पुढची पकड मिळायला साठ अंश फिरायला हवं. मी घामाघूम. दहा मिनिटांनी ते म्हणाले, "उलटा करा." पान्हा उलटा केला आणि त्याच जागेत पुढची पकड मिळाली. पान्ह्याचं तोंड दांड्याला सरळ नसतं, पंधरा अंश तिरकं असतं. ते कशासाठी, तर एकदा सुलटा, एकदा उलटा धरला की तीस अंशांच्या जागेतही नट फिरतो. पदवी घेऊन मी बाहेर पडलो होतो आणि पान्ह्याचं तोंड वाकडं का, हे मी आयुष्यात कुणाला विचारलं नव्हतं.

प्रसंगाचा खरा भाग मात्र पुढचा आहे. मी त्यांना विचारलं, "आधीच्या मॉडेलला पण हेच व्हायचं का?" ते म्हणाले, "हो." "मग सांगितलं नाहीत?" "दोनदा सांगितलं. साहेबांनी वहीत लिहून घेतलं." त्यांनी 'वहीत' हा शब्द ज्या तऱ्हेने उच्चारला तो अजून कानात आहे.

तुमचे काकाही असं कुणाच्या तरी वहीत दोनदा गेलेले असतील. म्हणून त्यांच्याकडे जाताना वही नेऊ नका, ब्रॅकेट न्या. आणि "काही अडचण आहे का?" असं विचारू नका. त्या प्रश्नाला कारखान्यात एकच उत्तर असतं, "काही नाही, चाललंय." हातातल्या वस्तूबद्दल विचारा. आधी कुठला बोल्ट धरता? कानस पहिल्यापासून लागते की तिसऱ्या बोल्टनंतर? एखादी फ्रेम न घासताच बसते का, आणि ती कुठली? मग त्यांच्या देखत एक ब्रॅकेट स्वतः बसवा. त्यांना वेळ असेल तेव्हा जा. माल निघायच्या गडबडीत, शिफ्टच्या शेवटच्या तासाला जाऊन उभं राहिलात, तर जे ऐकायला मिळेल ते तुम्ही ओढवून घेतलेलं असेल.

स्वतः बसवा असं मी उगाच म्हणत नाही. हाताने काम करणाऱ्याला जे माहीत असतं त्यातलं पुष्कळ त्याला शब्दात सांगता येत नाही. तो लपवत नसतो, त्याने ते कधी शब्दात मांडलेलंच नसतं. जपानमध्ये मात्सुशिता कंपनी १९८५ च्या सुमाराला घरगुती पाव बनवण्याचं यंत्र तयार करत होती. कणीक नीट मळली जाईना. पाव वरून करपायचा, आतून कच्चा राहायचा. क्ष-किरणांखाली यंत्राची कणीक आणि कसबी पाववाल्याची कणीक शेजारी ठेवून पाहिली, तरी उलगडा होईना. शेवटी इकुको तनाका नावाची सॉफ्टवेअर लिहिणारी बाई ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे शागीर्द म्हणून कणीक मळायला बसली. मळता मळता तिच्या लक्षात आलं की तो कणीक नुसती ताणत नाही, ताणताना तिला एक पीळ देतो. मग तिने आणि यंत्राच्या इंजिनिअरांनी जवळजवळ वर्षभर खटपट करून तो पीळ यंत्रात आणला, भांड्याच्या आतल्या अंगाला खास कंगोरे देऊन. १९८७ मध्ये यंत्र बाजारात आलं आणि चाललं. मला या गोष्टीत ती बाई यंत्राची नव्हती, सॉफ्टवेअरची होती, हे विशेष आवडतं. तुम्हीही 'हे माझं काम नाही' म्हणू शकला असतात.

आता दुसरी बाजू, कारण हल्ली या विषयावर बोलताना कारागिराची आरती करायची पद्धत पडली आहे, आणि मला ती मान्य नाही. हात चुकतात. अनुभवी हात आत्मविश्वासाने चुकतात. आमच्याकडे एका शाफ्टच्या पायरीला, म्हणजे त्याची जाडी बदलते तिथल्या कोपऱ्याला, मी २ मिलिमीटरची गोलाई दिली होती. टर्नर तीस वर्षांचा मुरलेला. काही महिन्यांनी एक शाफ्ट तुटून आला, बरोबर त्या पायरीवर, आणि कोपरा बघतो तर काटकोनात, धारदार. मी तावातावाने गेलो. टर्नरने शांतपणे बेअरिंग उचललं आणि शाफ्टवर चढवून दाखवलं. बेअरिंगच्या आतल्या कडेची गोलाई २ पेक्षा लहान होती, त्यामुळे ते माझ्या गोलाईवर अडून राहायचं, पायरीला टेकायचंच नाही. त्याने टेकवलं. कोपरा साफ केला. चूक माझी होती, तक्त्यात बेअरिंगचा आकडा न बघण्याची. पण शाफ्ट तोडला त्या धारदार कोपऱ्याने.

मी तुटलेला तुकडा त्याच्या हातात दिला. तुटलेल्या तोंडाचा बराचसा भाग गुळगुळीत होता आणि त्यावर, भरती ओसरताना वाळूवर राहतात तशा, बारीक कमानदार ओळी. सगळ्या ओळी कोपऱ्यातल्या एका जागेभोवती. आणि पलीकडे थोडासा भाग खडबडीत, एकदम फाटल्यासारखा. मी सांगितलं की तडा इथून सुरू झाला, शाफ्टच्या फेऱ्यांबरोबर इंचाइंचाने आत शिरला आणि उरलेलं लोखंड भार पेलेनासं झालं त्या दिवशी बाकीचं एकदम गेलं. गोल कोपऱ्यात ताण पसरतो, धारदार कोपऱ्यात एका रेषेवर गोळा होतो. तो बराच वेळ तुकडा उजेडात फिरवत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे ही गोलाई शोभेची नाही." तीस वर्षं त्याला ती शोभेची वाटत होती, आणि तीस वर्षांत आमच्यापैकी एकानेही त्याला सांगितलं नव्हतं. पुढे आम्ही दोघांनी मिळून तोडगा काढला : बेअरिंग आणि पायरीच्या मधे एक कड मोडलेली रिंग, म्हणजे गोलाई मोठी राहते आणि बेअरिंगही टेकतं. रिंग त्याची कल्पना. त्यानंतर तो ड्रॉइंगवरची कुठलीही विचित्र गोष्ट बदलायच्या आधी विचारायला यायचा. कधीकधी नको तितका यायचा, तेही सांगून ठेवतो.

तेव्हा काकांकडे जाताना बाण घेऊन जा. खडूने ब्रॅकेटवर भार कुठून येतो ते दाखवा. "आडवं घासलंत तर मला चालेल, उभं घासावं लागलं तर थांबा आणि मला हाक मारा, कारण मग हे खाली घसरू शकतं," एवढं सांगा. नवीन ड्रॉइंग निघेपर्यंत हा तुमच्या दोघांचा करार, आणि तो साहेबांनाही लेखी कळवा. काका नियम मोडतायत असं त्यात लिहू नका. फ्रेम ओढली जाते, हे असेंब्लीत लक्षात आलंय, तात्पुरती ही मुभा हवी आणि हा कायमचा बदल हवा, असं लिहा. सही तुमची आहे ना, मग ती इथे वापरा.

बदल काय करायचा ते तुम्हाला जमेल. साधारणपणे एक भोक घट्ट ठेवून त्याने जागा पक्की करायची आणि बाकीची आडवी लांबट किंवा मोकळी करायची, असं करतात. पण मग ब्रॅकेटला उलटं-सुलटं येईल. घाईत तो उलटा बसेल का, हे काकांना विचारा, आणि "लक्ष देऊ" असं उत्तर आलं तर त्यावर समाधान मानू नका. १९६१ मध्ये शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरपुढे असाच प्रश्न आला होता. दोन बटणांच्या एका स्विचमध्ये प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग घालायची असे आणि कामगार कधीतरी एखादी विसरत. लक्ष द्या, लक्ष द्या, असं सांगून झालं होतं. त्याने आधी दोन स्प्रिंगा एका बशीत काढून ठेवायला लावल्या. काम संपल्यावर बशीत स्प्रिंग उरली तर ती विसरली, हे समोर दिसायचं. तुमच्या ब्रॅकेटला बशीची गरज नाही, एक कोपरा कापला तरी पुरेल, उलटा बसणारच नाही असा.

आणि विषय निघालाच आहे तर चार बोल्ट लागतातच का, हेही दोघांनी बसून बघा. जेफ्री बूथरॉइड आणि पीटर ड्यूहर्स्ट यांच्या जोडणी सोपी करण्याच्या पद्धतीत प्रत्येक सुट्या भागाला तीन प्रश्न विचारतात. यंत्र चालताना हा भाग शेजारच्या भागापासून वेगळा हलतो का? तो वेगळ्याच मालाचा असायला हवा का? तो वेगळा नसला तर बाकीचं जोडता किंवा उघडता येणार नाही का? तिन्हीला 'नाही' असेल तर तो भाग शेजाऱ्यात विरघळवता येतो का, ते बघायचं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्यापेक्षा काकांना जास्त नीट देता येईल. कदाचित तुमचा ब्रॅकेटच जाईल. वाईट वाटेल, पण वाटू द्या.

एक गोष्ट मात्र तुम्हाला एकटीला जमणार नाही. शिकवायला वेळ लागतो, आणि तुमच्यासाठी थांबलेली दहा मिनिटं त्यांच्या दिवसाच्या नगांतून जातात. तुमचा पगार शिकताना चालू असतो, त्यांचा आकडा मात्र थांबतो. ते कामापुरतंच बोलतात याचं निम्मं कारण बहुतेक हेच. सुपरवायझरला आधी भेटून आठवड्यातून अर्धा तास मोकळा मागून घ्या, काकांच्या नावाने, तुमच्या विभागाच्या खात्यावर. नाही म्हणाले तर तक्रार करायची जागा ही आहे, तिथे जरूर करा.

नवीन रिव्हिजन निघाली की पहिली प्रत त्यांच्या हातात द्या, आणि बदलाच्या कारणाच्या रकान्यात 'वेल्डची ओढ, असेंब्लीत आढळली' एवढं तरी लिहा. त्यांचं नाव घालावं का, हे त्यांना विचारून ठरवा. काहींना आवडतं, काहींना नाव कागदावर गेलं की भीती वाटते, आणि ती भीती बहुधा अनुभवातूनच आलेली असते.

राहिला कानशीचा प्रश्न. हो, लोक हसतील. पहिले दोन दिवस तर पोटभर हसतील, कारण नवशिक्याची कानस डुलते. ढकलायला सुरुवात करताना मागचा हात दाबतो, शेवटी पुढचा दाबतो, आणि सपाट करायला घेतलेला तुकडा कडांना उतरता आणि मधे फुगीर होतो. कानस ढकलतानाच कापते, मागे आणताना तिचा भार काढून घ्यायचा, एवढं मी सांगतो. डुलणं कसं थांबवायचं ते मला शब्दात सांगता येत नाही. त्यासाठी तुकडा शिकंजात लावा आणि काकांना म्हणा, जरा माझ्या हातांकडे बघा.